दिवसाच्या खाटा

संध्याकाळचे सहा वाजले की सईबाईंच्या हॉलमधली प्रत्येक खाट रिकामी व्हायला हवी, असा इस्पितळाचा नियम होता. सईबाई तो इतक्या कडकपणे पाळून घेत की आयांनी त्यांचं नावच 'सहाची सिस्टर' पाडलं होतं.

ऐंशी सालानंतरच्या मद्रासची ही गोष्ट. अड्यारमधल्या एका ट्रस्टच्या इस्पितळाने लहान ऑपरेशनांसाठी वेगळा हॉल काढला होता. तारीख आधी ठरवून घ्यायची, सकाळी उपाशीपोटी यायचं, दुपारपर्यंत ऑपरेशन आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी. सुरुवातीला लोकांना ते खरंच वाटेना. पोट कापायचं आणि त्याच रात्री घरच्या चटईवर झोपायचं? पण मोठ्या वॉर्डात खाट मिळायला महिनेच्या महिने जात, म्हणून हळूहळू माणसं येऊ लागली. मद्रासजवळच्या कोवलमचे कोळी पहाटेच्या बसने येत, ऑफिसांतले कारकून अर्ध्या दिवसाची रजा टाकून येत.

हॉल दिवसापुरताच होता. रात्रीच्या जेवणाची सोय नाही, सोबत्याला टेकायला जागा नाही. पण शरीराला नियम कुठे कळतो? कुणाला ओकारी थांबत नसे, कुणाला लघवी होत नसे, कुणाचं रक्तदाब मोजायचं यंत्र भलतंच काही दाखवी. असं माणूस मागे राहिलं की त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते आपोआप सईबाईंचं काम झालं. त्या वॉर्डावॉर्डातून एक खाट मागत हिंडत. मिळाली नाही तर माणसाला रात्री हॉलमध्येच ठेवत आणि सकाळी उठवून बाहेरच्या बाकावर बसवत, कारण त्या दिवसाची माणसं दारात येऊन उभी असत. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली आणि खाली पोट धरून बसलेला माणूस, हे दृश्य त्या व्हरांड्यात नवं नव्हतं.

म्हणून सईबाई कुणाला मागे राहूच देत नसत. लघवी होत नसेल त्याच्याजवळचा नळ सोडून ठेवत, चक्कर येणाऱ्याला खांदा देऊन चालवत, घाबरलेल्या नातेवाइकांना दम भरत. "इथं राहिलात तर आणखी एक दुखणं घेऊन जाल. घरी जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते नुसतं बोलायला नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सईबाई मूळच्या तंजावरच्या मराठ्यांतल्या. त्यांच्या घराण्यात कधीकाळी तलवारी होत्या म्हणे; सईबाईंच्या वाट्याला वडलांची नगरपालिकेतली शिपाईगिरी आली आणि वडील लवकर गेल्यावर तीही राहिली नाही. त्या मद्रासला येऊन नर्सिंग शिकल्या. परक्या पुरुषांचं अंग पुसणारी मुलगी म्हणून चुलत्यांनी बोलणं टाकलं. पुढे लग्न झालं ते नागोजींशी. नागोजी एन्नोरच्या वीज केंद्रात कामाला होते. तिथल्या क्वार्टरमध्ये दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या लुगड्यावर संध्याकाळपर्यंत राखेचा थर बसे, आणि तीच राख नागोजींच्या छातीतही बसली होती. एन्नोरहून अड्यारला रोज येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आठवडाभर सईबाई नर्सांच्या वसतिगृहात राहत आणि रविवारी दोन बस बदलून घरी जात. मूलबाळ नव्हतं. नागोजी मुळात अबोल, त्यात खोकला. सईबाईंचं सगळं बोलणं तमिळमध्ये होई. मराठी उरली होती ती रविवारच्या स्वयंपाकघरात, तीही चार वाक्यांपुरती.

अशा त्या बाईंच्या हॉलमध्ये एका सकाळी अन्नपूर्णाबाई आल्या.

वय पासष्टीच्या पुढचं, अंगाने काटकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. बेंबीजवळचा हर्निया होता. सोबत मुलगा कृष्णस्वामी. विमा कंपनीत कारकून असलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला भला माणूस. त्याने आईची पिशवी खाटेखाली सरकवली, "पाचला येतो अम्मा," असं तमिळमध्ये सांगितलं आणि ऑफिसला गेला. कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीत सुई टोचली तेव्हा अन्नपूर्णाबाईंच्या तोंडून निघालं, "अगे आई गे, मेलें की मी!"

पाठ धरून उभ्या असलेल्या सईबाई चमकल्या. "अम्मा, तुम्ही तंजावरच्या?"

"मग काय तर! तू कोण गे? आमच्यातली?"

"मी सई. नागोजींची बायको. माहेर किल्ल्याजवळ."

"सुई टोचताना पाठ धरते ती पोरगी आमच्या किल्ल्याजवळची!" त्या तशा अवस्थेतही म्हातारी हसली.

ऑपरेशन चांगलं झालं. पण संध्याकाळी उठून बसवलं तसं अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. आडवं केलं की बरं, बसवलं की कवटी फुटायची पाळी. पाठीतल्या त्या सुईनंतर काहींना असं होतं. उपाय सोपा, पण वेळखाऊ. उताणं पडून राहायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि कॉफी घ्यायची. डॉक्टर नारायणस्वामी म्हणाले, "दोन-तीन दिवसांत जाईल. ठेवा कुठेतरी."

सुदैवाने हॉलच्या टोकाला पडदा लावलेली, औषधांची खोकी ठेवायची एक जागा होती. सईबाईंनी खोकी हलवून तिथे खाट टाकून घेतली. अन्नपूर्णाबाईंना बाकावर बसवणं शक्यच नव्हतं.

पहिले दोन दिवस म्हातारीने इस्पितळातलं शिजवलेलं काही खाल्लं नाही. कृष्णस्वामी डबा आणी, तो संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी सईबाई स्वतःचा डबा उघडून शेजारी बसल्या होत्या. वसतिगृहात कालवलेलं, ताकातलं उडदाचं डांगर होतं. अन्नपूर्णाबाईंनी मान वळवून वास घेतला.

"मोहरीची फोडणी दिलीस की हिंगाची?"

"दोन्ही."

"वाढ मग थोडं. आता या वयात कोण विचारतो कुणाच्या हातचं म्हणून!"

खाता खाता त्या म्हणाल्या, "काल मी अस्की रात्र निजलें, सई. अस्की रात्र."

अस्की म्हणजे सगळी. आई गेल्यापासून सईबाईंनी तो शब्द ऐकला नव्हता. पण त्यांना लागलं ते वेगळंच. पाठीला सुई, पोटाला टाके, डोकं फुटतंय, आणि ही बाई झोपेचं कौतुक सांगत होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अन्नपूर्णाबाईंचे यजमान चंद्रमौळी सर्वे ऑफिसात नकाशे काढत. पेन्शन सुरू झाली त्याच वर्षी पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. तेव्हापासून शहरातल्याच सैदापेटच्या दोन खोल्यांत ते खाटेवर होते. त्यांना उचलणं, धुणं, कुशीवर वळवणं, घास भरवणं, सगळं अन्नपूर्णाबाई करत. उचलता उचलताच बेंबीशी गाठ आली होती. दिवसाचं एक वेळ ठीक, पण रात्री ते दर घटकेला हाक मारत. पाणी हवं, पंखा नको, पाय ओढ, नाहीतर काहीच नको, नुसतीच हाक.

"रागावत नाहीत हो ते. घाबरतात," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी आहे का ते बघतात. पण किती वर्षं झाली, मला डोळा लागला की हाक येते. आता तर हाक नसली तरी जाग येते. इथं पहिल्या रात्री दोनदा उठायला गेलें. मग कळलं, इथं कुणी हाक मारणार नाही. मग झोपलें ते तुझी आया झाडायला आली तेव्हाच उठलें."

"आता घरी कोण बघतं त्यांचं?"

"कामाक्षी. सून. शाळेत शिकवते. बिनपगारी रजा काढली तिनं. चांगली आहे पोरगी. म्हणून तर मला लाज वाटते."

त्यानंतर एकदोन दिवसांतली गोष्ट. दुपारी सईबाई पडदा सारून आत आल्या तर अन्नपूर्णाबाई खाटेवर मांडी घालून, ताठ बसून केस विंचरत होत्या आणि पडद्यापलीकडच्या खाटेवरच्या बाईशी हसून बोलत होत्या. सईबाईंना पाहताच हातातली फणी थबकली. त्यांनी हळूच उशीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

डोकेदुखी गेली होती. ती खरी असती तर माणूस क्षणभरही असा बसू शकला नसता. सईबाई नाडी बघत राहिल्या. थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आणखी एक रात्र, सई. एकच."

संध्याकाळी डॉक्टर नारायणस्वामींनी फेरीत विचारलं, "डोकं कसं आहे यांचं?"

"बसवलं की दुखतं अजून," सईबाई म्हणाल्या.

आयुष्यात असं खोटं त्या पहिल्यांदाच बोलल्या. सहाची सिस्टर एका बाईला बरी असताना ठेवून घेत होती. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, आणि त्याहून जास्त नवल याचं की वाईट अजिबात वाटलं नाही. एक रात्र झाली, मग आणखी एक झाली. कृष्णस्वामी रोज येई, आईच्या पायाशी उभा राही, डॉक्टर काय म्हणाले ते विचारी आणि मान हलवून जाई. सईबाई फावल्या वेळात पडद्याआड जाऊन बसत. म्हातारी माहेरच्या गोष्टी सांगे. विहिरीचं पाणी, सासूने शिकवलेल्या ओव्या, नवऱ्याने काढलेले नकाशे आणि त्यावरची मुंगीएवढी अक्षरं. सईबाई ऐकत. कित्येक वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत पोटभर बोलत होतं. ती आणखी एक रात्र म्हातारीला हवी होती तशी सईबाईंनाही हवी होती, हे त्यांना नंतर उमगलं.

मग एका दुपारी कामाक्षी आली. अंगावरचं पातळ चुरगळलेलं, डोळे आत गेलेले. ती पडद्याआड गेलीच नाही, थेट सईबाईंच्या टेबलाशी आली.

"सिस्टर, त्या कधी येणार घरी?"

"डोकं अजून..."

"हर्नियाचं ऑपरेशन, एका दिवसात घरी, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी मामांना, माझ्या सासऱ्यांना, एकटी उचलू शकत नाही. काल मामा हातातून निसटले. मीही पडले त्यांच्याबरोबर. दोघं जमिनीवर पडलो होतो, हे ऑफिसातून येईपर्यंत. माझी शाळा बुडतेय. मला झोप नाही." तिचा आवाज चढला, सगळा हॉल वळून बघू लागला. "तुम्हाला काय, तुमच्यासाठी ती एक खाट आहे!"

ती तशीच निघून गेली. सईबाई पडद्याआड गेल्या तेव्हा अन्नपूर्णाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"उद्या जायचं, अम्मा," सईबाई म्हणाल्या.

"होय." मग त्या म्हणाल्या, "सई, माझी पोटरी भरून आलीय गे. डावी. काल सांजेपासून ठणकते."

सईबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मनात आलं, डोकं संपलं, आता पाय. त्यांना राग आला नाही, दया आली. पण कामाक्षीचे ते डोळे अजून समोर होते. त्या चादर नीट करत म्हणाल्या, "पडून पडून होतं तसं. घरी गेलात, चाललात की मोकळं होईल."

चादर वर करून त्यांनी पाय पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाई आपणहून उठल्या. वेणी घातली, कुंकू लावलं, पिशवी भरली. हॉलमध्ये त्या दिवसाची माणसं येऊ लागली होती आणि सईबाई एकेकाला खाट दाखवत होत्या. अन्नपूर्णाबाई मोरीकडे निघाल्या. दाराशी पोचल्या, चौकटीला हात लावला आणि छातीत हवा मावेना तसं तोंड उघडून उभ्या राहिल्या. सईबाई धावल्या. म्हातारी त्यांच्या अंगावरच कोसळली. ओठ निळे पडत होते. डॉक्टर आले, प्राणवायूची नळकांडी आली, छाती दाबून झाली. सगळं लवकर आटोपलं. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार, असं डॉक्टर नारायणस्वामी म्हणाले. चादर सारून त्यांनी डावी पोटरी पाहिली. ती उजवीपेक्षा उघडउघड सुजलेली होती.

"काही बोलल्या होत्या का पायाबद्दल?"

सईबाईंनी सांगितलं. काल बोलल्या होत्या, मी बघितलं नाही, तुम्हालाही कळवलं नाही. डॉक्टरांनी चादर पुन्हा पायांवर ओढली. मग म्हणाले, "कळवलं असतंत तरी वाचल्या असत्याच असं नाही." ते खरंही असेल. सईबाईंना त्याने तसूभरही हलकं वाटलं नाही. डोकेदुखीचं खोटं त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नाही, आणि डॉक्टरांनीही पुढे काही विचारलं नाही.

कृष्णस्वामी आला. आईजवळ बसला, रडला. मग उठून सईबाईंसमोर दोन्ही हात जोडून उभा राहिला. "सिस्टर, अम्मा रोज तुमचंच नाव घ्यायची. पोटच्या मुलीसारखं केलंत तुम्ही तिचं."

त्या जोडलेल्या हातांकडे सईबाईंना बघवेना.

काही दिवसांनी इस्पितळाच्या धोब्याकडून कपड्यांचा गठ्ठा आला, त्यात अन्नपूर्णाबाईंचं एक सुती लुगडं निघालं. ते कुणाच्याही हाती पाठवता आलं असतं. सईबाई दुपारची सुट्टी घेऊन, तशाच गणवेशात सैदापेटला गेल्या.

दार कृष्णस्वामीने उघडलं. सईबाईंना पाहून तो गडबडला आणि बाहेर येऊन दार मागे ओढून घेत हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, एक सांगायचंय. अप्पांना माहीत नाही."

"म्हणजे?"

"सांगितलं होतं. त्या दिवशीच सांगितलं. दिवसभर रडले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि विचारलं, अन्नपूर्णा कुठे आहे? विसरले होते. पुन्हा सांगितलं. पुन्हा तसंच, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी त्यांना नव्याने काय सांगायचं, सिस्टर? म्हणून मी म्हटलं, इस्पितळातच आहे, डॉक्टरांनी अजून सोडलं नाही."

तेवढ्यात आतून जडशी हाक आली. "कोण आलंय?"

सईबाई आत गेल्या. खाटेवर लांबसडक हाडांचा एक म्हातारा होता, एक डोळा अर्धा मिटलेला. त्याने त्यांचं पांढरं लुगडं आणि टोपी पाहिली आणि डावा हात उचलला.

"सिस्टर? इस्पितळातून?" मग मराठीत, अडखळत, "कधी सोडणार आमच्या मंडळींना?"

कृष्णस्वामी मागे उभा होता. कामाक्षी स्वयंपाकघराच्या दारात. लुगडं सईबाईंच्या हातातच होतं.

"डोकं दुखतं त्यांचं अजून," सईबाई म्हणाल्या. "बसवलं की."

"असं," म्हातारा म्हणाला आणि त्याचं अंग सैल पडलं. त्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं नाही, असं कृष्णस्वामीने नंतर कळवलं. आमचं त्यांना खरं वाटत नाही, तुमचं वाटलं. जमलं तर पुन्हा याल का?

सईबाई जाऊ लागल्या. वेळ मिळायचा तो रविवारीच, म्हणून एन्नोरची बस सुटू लागली. नागोजी एकटे जेवायचे. त्यांनी विचारलं नाही, सईबाईंनी सांगितलं नाही. सैदापेटला त्या गणवेश घालून जात, म्हाताऱ्याला कामाक्षीबरोबर उचलत, त्याची पाठ पुसत, आणि तो विचारी त्याची उत्तरं देत. कधी तो चिडे. "हर्नियाला इतके दिवस? इस्पितळ आहे की तुरुंग? मी मोठ्या साहेबांना लिहितो!" कधी निरोप सांगे. "तिला म्हणावं, कामाक्षी मीठ कमी घालते." सईबाई म्हणत, "सांगते." कामाक्षी त्या वेळी तोंड फिरवी. शाळेत ती परत जाऊ शकली नव्हती.

दिवाळी झाली, मद्रासचा हिवाळ्यातला पाऊस ओसरला. मार्गळी या तमिळ धनुर्मासातल्या एका रविवारी म्हातारा फार शांत होता. दारादारांत ओल्या रांगोळ्या पडल्या होत्या, कुठून तरी भजनाचा आवाज येत होता. सईबाई त्याची नखं कापत होत्या.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचारा ना."

"ती झोपते का तिकडे? रात्री?"

सईबाईंचा हात थांबला. "झोपतात. अस्की रात्र झोपतात."

म्हाताऱ्याने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग राहू द्या. इतक्यात सोडू नका. इकडे आली की मी हाक मारणार. नको मारू म्हटलं तरी तोंडातून निघते. राहू द्या तिला तिथंच."

सईबाईंनी नखं कापून पुरी केली, हात धुतले आणि कामाक्षीला येते असंही न म्हणता निघाल्या. त्यानंतर त्या सैदापेटला गेल्याच नाहीत.

पुढच्या रविवारी त्या एन्नोरला गेल्या. नागोजी बाहेरच्या पायरीवर बसले होते. "आज इकडे कशी?" एवढंच म्हणाले. तेव्हा सईबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. पडद्याआडची खाट, डोकेदुखी, पोटरी, म्हातारा. नागोजींनी मध्ये मध्ये खोकत सगळं ऐकून घेतलं.

"पाय बघितला असतास, तर कळलं असतं तुला?"

"कळलं असतं."

नागोजींनी मान हलवली. पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

हॉलमधली ती पडद्याआडची खाट सईबाईंनी काढून टाकली, खोकी परत लावली. सहाचा नियम चालूच राहिला. फक्त आता घरी सोडण्याआधी त्या प्रत्येकाच्या पोटऱ्या दाबून बघत. दात काढायला आलेला माणूसही त्यातून सुटत नसे. लोक हसत. आया म्हणत, सिस्टरला काहीतरी झालंय.

संक्रांतीच्या पोंगलनंतर बऱ्याच दिवसांनी, धीर करून त्या सैदापेटला गेल्या. या खेपेला गणवेशात नव्हत्या. दार कामाक्षीने उघडलं. समोरची खोली एकदम मोठी दिसत होती. खाट नव्हती.

"गेले," कामाक्षी म्हणाली. "पोंगलच्या आधी. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"विचारत होते का? शेवटी?"

"काही दिवस तुम्हालाही विचारलं. मग दोघींना विसरले. मग नुसतीच हाक. नाव नाही, काही नाही." ती खाली बसली. "मी शाळेत जाते आता. पण रात्री उठते अजून. हाक नसते, तरी उठते. पाणी घेऊन इथपर्यंत येते, मग आठवतं."

सईबाई तिच्यासमोर बसल्या. खूप दिवस मनात घोळत असलेलं त्या एका दमात बोलून गेल्या. "कामाक्षी, शेवटच्या दिवसांत अम्मांचं डोकं दुखत नव्हतं. मला माहीत होतं. मी खोटं सांगून त्यांना ठेवून घेतलं. तुझे हाल झाले ते माझ्यामुळे."

कामाक्षीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "मामा पडले त्याच्या आदल्या दिवशी मी येऊन गेले होते. व्हरांड्याच्या खिडकीतून बघितलं. विडा खात बसल्या होत्या, कुणाशी तरी हसत होत्या. लग्न होऊन इतकी वर्षं या घरात आहे, मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी मात्र मामा पडले, आणि मग मला सहन झालं नाही. पण भांडायला आले त्या दिवशीही हात धरून घेऊन आले असते, तर आल्या असत्या. आणलं नाही मी."

ती कॉफी करायला उठली. आत भांड्यांचा आवाज होऊ लागला. सईबाई त्या मोकळ्या खोलीत बसून राहिल्या. पोटरीचं सांगायचं होतं. कामाक्षी दोन पेले घेऊन बाहेर आली, समोर बसली, शाळेतल्या मुलांबद्दल, नव्या मुख्याध्यापिकेबद्दल काहीबाही बोलत राहिली. सईबाई हो-हो म्हणत राहिल्या. ऊन उतरलं, कृष्णस्वामी यायची वेळ झाली. कामाक्षीने त्यांना कुंकू लावलं आणि पुन्हा या म्हणाली.

पोटरीचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. सईबाई कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पहिली बस अड्यारचीच आली, आणि त्या तिच्यात चढल्या.